सहा दिवस उभी, एक दिवस चालती

आमची जीप आठवड्यातले सहा दिवस उभी असायची आणि एक दिवस चालायची. चालायची तेव्हा तिच्याबद्दल कोणाचीही तक्रार नसे. सगळं रामायण घडलं ते तिच्या उभं राहण्यावरून. म्हणून आज कोणी मोठी गाडी घ्यायला निघालं आणि माझा सल्ला विचारायला आलं, तर मी इंजिनाबद्दल चकार शब्द काढत नाही. मी विचारते, उभी कुठे करणार? दार उघडायला बाजूला किती जागा आहे? आणि तुम्ही घरी नसताना ती हलवणार कोण? लोकांना हे प्रश्न म्हातारपणाचे वाटतात. माझ्या नणंदेच्या मुलाने गेल्या वर्षी माझ्या खांद्याएवढ्या बॉनेटची एक काळीकुट्ट गाडी घेतली. हार घातला, पेढे वाटले, आणि मग कळलं की घोडबंदर रोडच्या त्यांच्या टॉवरमधल्या एकावर एक गाड्या चढवणाऱ्या पार्किंगमध्ये ती उंचीला बसतच नाही. आता ती समोरच्या रस्त्यावर उभी असते आणि हा दर अर्ध्या तासाने खिडकीतून डोकावतो. डोंगरदऱ्यांत जायची गाडी आहे, पण जागा जाईल या भीतीने तो तिला भाजी आणायलासुद्धा काढत नाही. मी त्याला काही म्हणत नाही. त्याच्या आईला मात्र फोनवर हसून घेते.

आमच्याकडे जीप आली ती हौसेने नव्हे. आई मूळची खडवलीची. तिच्या वडिलांनी जाण्यापूर्वी नदीपलीकडचा दोन एकर माळ तिच्या नावे करून दिला, तेव्हा माझे मामा हसले होते. ठाण्यात राहणारी बाई खडकाळ माळाचं काय करणार, म्हणाले. आईने बाबांना आंब्याची चाळीस कलमं आणायला लावली आणि पहिल्या पावसाळ्यात स्वतः उभं राहून ती लावून घेतली. पण उन्हाळ्यात कलमांना पाणी कोण घालणार? नदी खाली, माळ वर, आणि मधला चढ असा की बैलसुद्धा थांबून विचार करतील. पहिल्या उन्हाळ्यात आम्ही तिघांनी कळशांनी पाणी वाहिलं आणि तरीही अकरा कलमं गेली. मेलेल्या प्रत्येक कलमाजवळ आई थोडा वेळ थांबायची. मग पुढच्या कलमाकडे जायची.

बाबा एका सरकारी कचेरीत नकाशे काढायचे. स्वभावाने इतके मऊ की दारावर आलेल्या विक्रेत्यालाही त्यांना नाही म्हणता येत नसे. आमच्या घरात त्यामुळे चार प्रकारच्या फिनेलच्या बाटल्या असत. त्यांच्याच कचेरीतल्या कोणीतरी सांगितलं, की एक खातं जुन्या गाड्या लिलावात काढतंय. त्या दिवशी बाबा एरवीपेक्षा उशिरा घरी आले आणि खालूनच आईला हाक मारून म्हणाले, "अगं, जरा खाली ये. घाबरू नकोस." वर्तकनगरच्या आमच्या तीन मजली इमारतीच्या आवारात एक लांबलचक, पत्र्याच्या सपाट छताची, चारही चाकांनी ओढणारी जीप उभी होती. मागे पाण्याचे चार ड्रम सहज मावतील एवढी. आईने तिच्याभोवती एक फेरी मारली, मागचं दार उघडून आत वाकून पाहिलं आणि म्हणाली, "पाच मावतील."

त्यानंतरचे रविवार माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले रविवार. सकाळी आई घावन करायची आणि केळीच्या पानात गुंडाळून ओल्या खोबऱ्याच्या चटणीसकट डब्यात भरायची. जीप सुरू होताना आधी खोकायची, मग घशात काहीतरी अडकल्यासारखी घरघर करायची आणि मग एकदम सगळ्या खिडक्यांच्या काचा थरथरवत जागी व्हायची. तळमजल्यावर आगाशे काकूंच्या स्वयंपाकघराची खिडकी बरोबर तिच्या मागच्या अंगाला येई आणि धूर थेट आत जाई. म्हणून बाबांनी एक रीत पाडली होती, जीप आधी हाताने ढकलत फाटकाबाहेर न्यायची आणि रस्त्यावर गेल्यावरच सुरू करायची. तेवढं ढकलायला आठ माणसं लागत. रविवारी सकाळी इमारतीतले पुरुष दात घासता घासता खाली येत, ढकलत आणि परत वर जात. बाबा प्रत्येकाला थँक्यू म्हणत. परत आल्यावर ती नाकासमोर सरळ आत घालायची, म्हणजे पुढच्या रविवारी पुन्हा उलटी ढकलायला मोकळी. फाटकाचे दोन खांब आणि जीप यांच्यात दोन्ही बाजूंना चार-चार बोटं उरत. मी मोजलेली आहेत.

खडवलीला नदीच्या पात्रातल्या गोट्यांवर बाबांनी मला जीप चालवायला शिकवलं. मी तेव्हा कॉलेजात होते. "क्लच हळू सोड," ते म्हणायचे, "अगं, मी बोलतोय ना, इतका हळू." ड्रम भरून चढावर पहिल्या गिअरमध्ये जीप घालायची, पुढची चाकं पकड घेताना स्टिअरिंगला बसणारा हिसका दोन्ही मनगटांत सोसायचा आणि अजिबात थांबायचं नाही, एवढं मला पक्कं जमू लागलं. वर पोचल्यावर आई तीन दगडांच्या चुलीवर तांदळाच्या भाकऱ्या करायची आणि सुकटीची चटणी. त्या भाकरीला येणारा धुराचा वास मी पुढे कितीतरी चांगल्या स्वयंपाकघरांत शोधला, सापडला नाही. ठाण्यात मी एका ड्रायव्हिंग स्कूलच्या चिमुकल्या गाडीवर परीक्षा देऊन लायसन्सही काढलं. पण जीप उलटी चालवायचा प्रसंग माझ्यावर कधी आला नव्हता. नदीकाठी सगळं मोकळंच असायचं, वळवायची आणि निघायचं. रिव्हर्स कुठे टाकायचा ते मला माहीत होतं, एवढंच.

इमारतीला गच्ची होती, पण वर जायला जिना नव्हता, नुसती टाकीची लोखंडी शिडी. त्यामुळे उन्हाळ्यात वाळवणं कुठे घालायची हा सगळ्या बायकांचा जुनाच प्रश्न होता. जीप आल्यावर दुसऱ्याच महिन्यात तो सुटला. सुरुवात आईने केली. स्वच्छ जुनं लुगडं छतावर अंथरून तिने त्यावर कुरडया घातल्या आणि खालून पत्रा, वरून ऊन, असं दोन्हीकडून तापून त्या दीड दिवसात खडखडीत वाळल्या. मग काय, रांगच लागली. सोमवार ते शनिवार कोणाचा कोणता दिवस हे बायकांनी आपसात ठरवून टाकलं. स्टुलावर चढून छतावर पापड्या घालणाऱ्या बायका, बॉनेटवर सांडगी मिरची, मडगार्डवर कोणाचा तरी बटाट्याचा कीस. बाबा कचेरीतून आले की आधी छताकडे बघायचे आणि मगच जीपला हात लावायचे. ती जीप आमच्या नावावर होती, पण एप्रिल-मेमध्ये ती आमची आहे असं म्हणायला कोणी धजावलं नसतं.

आगाशे काका आमच्या इमारतीचे सेक्रेटरी. रेल्वेत स्टेशनमास्तर म्हणून निवृत्त झालेले, मनगटावर घड्याळ आणि खिशात शिट्टीसुद्धा. माणूस खडूस, पण अन्याय करणारा नव्हे. हे आज मी मोकळेपणाने लिहिते, त्या काळात लिहिलं नसतं. त्यांनी सभेत नियम मांडला. आवारात गाडी उभी करायला हरकत नाही, पण अडचणीच्या वेळी घरातल्या माणसाला ती दहा मिनिटांत हलवता आली पाहिजे. मालक दिवसभर कचेरीत आणि गाडी वाटेत, हे चालणार नाही. आज मी स्वतः सोसायटीच्या कमिटीवर आहे आणि हाच नियम मी शब्दशः आमच्याकडे लावून घेतलाय. पण तेव्हा मला तो फक्त आमच्या जीपचा गळा धरायला केलेला वाटला होता. बाबा सभेतून वर आले आणि चप्पल काढता काढता म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं."

मी म्हटलं, "मी आहे ना घरी. सुट्टी लागलीय. मी हलवीन."

"फाटकातून उलटी? तुला नाही जमायचं, नंदू," बाबा प्रेमानेच म्हणाले. "मलाच जमत नाही, म्हणून तर ढकलतो."

खरं तर मलाही तसंच वाटत होतं. दोन दिवसांनी बाबांनी सांगून टाकलं, की आंबिवलीच्या वीटभट्टीवाल्या भोईर शेठशी त्यांचं बोलणं झालंय आणि रविवारी शेठ जीप न्यायला येणार आहेत. कलमांचं काय, हे कोणी विचारलं नाही. एप्रिल अर्धा सरला होता आणि पाऊस पडायला अजून दोन महिने होते. आईने बाबांना वाढलं, भाताशेजारी लिंबाची फोड ठेवली, आणि दोन दिवस त्यांच्याशी एक शब्दही बोलली नाही. मला बाबांचा राग आला होता आणि त्याहून जास्त माझा स्वतःचा.

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला फाटकाशी रेतीचा ट्रक येऊन हॉर्न वाजवायला लागला. मागची पाण्याची टाकी दुरुस्त करायची होती, रेती मागे टाकायची होती, आणि वाटेत जीप. आगाशे काका खाली आले, त्यांनी मनगट डोळ्यांसमोर धरलं आणि वरच्या खिडकीकडे बघून म्हणाले, "वहिनी, दहा मिनिटं. आत्तापासून."

मी चावी घेऊन धावत खाली गेले आणि जीपपाशी थबकले. छतावर या टोकापासून त्या टोकापर्यंत साबुदाण्याच्या पापड्या घातलेल्या होत्या. अर्ध्या तासापूर्वी घातलेल्या, ओल्या, चकचकीत. ओली पापडी उचलली की गेली, तिचा नुसता लगदा हातात येतो. आणि गुरुवार होता आगाशे काकूंचा.

"काढा ते सगळं," काका म्हणाले.

"हात लावून तर बघा," काकू आतून बाहेर येत म्हणाल्या. हाताला अजून साबुदाण्याची खळ लागलेली. "पहाटे चारला उठून शिजवलंय मी. मुलीला पाठवायच्यात बडोद्याला."

"मग गाडी कशी हलणार?"

"ते मला काय विचारता? नियम तुमचा."

ट्रकवाला खाली उतरून हसत आला. "द्या चावी इकडे ताई, दोन मिनिटांत काढतो. पापडबिपड काय राहत नसतात पण."

काका त्याला हो म्हणणार, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. ट्रकवाल्याने जीप काढली असती तर ती निघाली असती, पण घरच्या माणसाने हलवली असं झालं नसतं. नियमात आम्ही नापास, पापड्या मातीत आणि रविवारी भोईर शेठ. मी चावी मुठीत घट्ट धरली आणि ट्रकवाल्याला म्हटलं, "तुम्ही तुमचा ट्रक मागे घ्या. मला जागा लागेल." माझा आवाज एवढा करारी निघाला की मीच दचकले. तो ट्रकवाला निमूट जाऊन ट्रक मागे घ्यायला लागला. तेव्हापासून मी एक शिकले, की गाडी मोठी असली की बाईने आवाज आधी मोठा करावा, कौशल्य मागाहून आलं तरी चालतं.

जीप पहिल्या झटक्याला सुरू झाली. सगळ्या इमारतीतल्या बायका खाली आल्या आणि दोन्ही बाजूंनी हात वर करून छताच्या कडेला उभ्या राहिल्या. मी रिव्हर्स टाकला, क्लच सोडायला घेतला आणि एकच गलका झाला. कोणी म्हणे डावीकडे घे, कोणी म्हणे माझी डावी नाही तुझी डावी, कोणी नुसतंच "अगंऽ अगंऽ" करत होतं. वीतभर मागे गेल्यावर खांब एकदम अंगावर आल्यासारखा वाटला. मी ब्रेक दाबला, खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि ओरडले, "सगळ्या गप्प! एकीनेच बोला!"

सगळ्या खरोखरच गप्प झाल्या. आई फाटकाबाहेर रस्त्यावर जाऊन उभी राहिली. तिने आयुष्यात सायकलसुद्धा चालवली नव्हती. पण लहानपणी खडवलीच्या अंगणात भाताच्या भाऱ्यांनी लादलेली बैलगाडी उलटी गोठ्यापाशी लावायची, तेव्हा मागे उभं राहून सांगायचं काम तिचं असायचं. तिने पदर खोचला.

"नंदे, आरशात बघू नकोस. खांबाकडे पण बघू नकोस. माझ्याकडे बघ. मी हलले की तू हल, मी थांबले की थांब."

मी मान वळवून मागच्या खिडकीतून तिच्याकडे बघत राहिले. ती एक पाऊल मागे गेली, मी तेवढी आले. ती किंचित उजवीकडे सरली, मी चाक तेवढं फिरवलं. ती थांबली, मी थांबले. मध्ये फाटकाचा उंबरा होता, चांगला बोटभर उंच. तिथे चाक आपटलं असतं तर पुढच्या पापड्या मागच्यांवर आल्या असत्या. नदीवरच्या चढाला जसा क्लच अर्धा सोडून धरायची तसा मी तो धरला, पाय थरथरायला लागला तरी धरला, आणि मागचं चाक उंबऱ्यावर चढलं, उतरलं, मग पुढचं चढलं, उतरलं. बायका हात वर करून खांबांपर्यंत छताबरोबर पावलं टाकत होत्या आणि तोंडातून चकार शब्द काढत नव्हत्या. डाव्या खांबाने आरसा अलगद दुमडला तेवढाच. जीप रस्त्यावर आली आणि मी इंजिन बंद केलं. मला रडू आलं होतं, पण ते मी कोणाला दिसू दिलं नाही. एवढा आनंद मला कॉलेजच्या कुठल्याही निकालाने दिला नव्हता.

"अकरा मिनिटं झाली," आगाशे काका म्हणाले.

"तुमचं घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे," काकू स्टुलावर चढून पापड्या मोजत म्हणाल्या. "मीच पुढे करून ठेवलंय. निवृत्त झाल्यापासून तुम्हाला कुठेही वेळेवर पोचायचं सुधरत नाही."

काकांनी घड्याळ कानाला लावलं, मग माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे सहा," ते म्हणाले. "ठीक आहे. रेती झाली की आत घे." आणि जाता जाता थांबून, "आरसा सरळ कर." घड्याळ पुढे असलं तरी अकराची सहा होत नाहीत, हे स्टेशनमास्तरला कळत नव्हतं असं नाही; त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे सगळ्यात मोठं कौतुक. रेती टाकून ट्रक गेल्यावर मी जीप आत घातली, तीही उलटीच, आईकडे बघत, म्हणजे जीपचं तोंड आता फाटकाकडे झालं. पुन्हा कोणाला ढकलायला खाली यावं लागलं नाही.

संध्याकाळी बाबांना फाटकातच सगळ्यांनी सगळं सांगितलं. ते वर आले, हातपाय धुतले आणि बराच वेळ गॅलरीतून खाली बघत उभे राहिले. चांगलं केलंस म्हणाले, पाठीवर हातही ठेवला. पण भोईर शेठचा विषय काढला नाही. आईने विचारलं तेव्हा म्हणाले, "अगं, शब्द दिलाय मी त्यांना." म्हणजे फाटकातून जीप काढून उपयोग काही नव्हताच.

रविवारी सकाळी भोईर शेठ आले. पांढरा सदरा, गळ्यात जाड चेन, बोलायला अगदी प्रेमळ. बरोबर जीप चालवत न्यायला एक ड्रायव्हर. आईने चहा दिला, काकूंनी पाठवलेल्या पापड्या तळून दिल्या. शेठनी आवडीने खाल्ल्या. मग हात पुसून म्हणाले, "चला साहेब, ऊन वाढतंय. कागद आना."

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. ते कपाकडेच बघत होते. "शेठ," ते म्हणाले, "जीप आता ही चालवते. तिला विचारायला लागेल."

"पोरीला काय इचारताव साहेब? तुमी शब्द दिलेला."

"दिलेला," बाबा म्हणाले. "पण तेव्हा ती चालवत नव्हती."

खोलीतले सगळे माझ्याकडे वळले. त्या वेळी मला वाटलं बाबांनी मला केवढा मान दिला, आणि मी फुलून गेले. पुढे मी स्वतः घर चालवायला लागले तेव्हा लक्षात आलं, की ज्या माणसाला फिनेलवाल्याला नाही म्हणता येत नव्हतं त्याला शेठला नाही म्हणायचं होतं आणि त्यासाठी त्याला माझं तोंड हवं होतं. त्यांना ती जीप आमच्याइतकीच जाऊ द्यायची नव्हती. हे कळल्यावर मला ते जास्त आवडायला लागले. आई दाराला टेकून उभी होती. ती हलली नाही आणि तिने मला काही खूणही केली नाही.

"नाही, काका," मी शेठना म्हटलं. "जीप द्यायची नाहीये. तुम्हाला उगीच खेप पडली, माफ करा."

शेठ हसले, बशीतली शेवटची पापडी उचलली आणि ड्रायव्हरला घेऊन निघून गेले.

मी बाबांकडे वळले. "बाबा, उठा आता. ऊन डोक्यावर यायच्या आत एकोणतीस कलमांना पाणी घालायचंय."

बाबा लगेच उठले.